थेस्ट्रल दिसणारी मुलं

हॅरी पॉटर मालिकेच्या पाचव्या भागात, म्हणजे 2003 साली इंग्रजीत आलेल्या कादंबरीत, शाळेचं नवं वर्ष सुरू होतानाचा एक प्रसंग आहे. स्टेशनवरून मुलांना शाळेकडे नेणाऱ्या बग्ग्या आपोआप चालतात, असं हॅरी इतकी वर्षं समजत आलेला असतो. या वर्षी त्याला दिसतं की बग्ग्यांना जनावरं जुंपलेली आहेत. घोड्यासारखी, पण अंगावर मांस नसलेली, हाडांना चिकटलेली काळी कातडी, बुबुळं नसलेले पांढरे डोळे आणि वटवाघळासारखे पंख. शेजारी उभ्या असलेल्या जिवलग मित्राला यातलं काहीच दिसत नाही. आपलं डोकं फिरलंय की काय, असं हॅरीला वाटतं. तेव्हा जिला सगळी शाळा चक्रम समजते ती लूना नावाची मुलगी सांगते, मलाही दिसतात. पुढे वर्गात उलगडा होतो. या जनावराला थेस्ट्रल म्हणतात आणि ज्याने कुणाचं तरी मरण डोळ्यांनी पाहिलं आहे त्यालाच ते दिसतं. हॅरीने आदल्या वर्षी सोबतच्या मुलाचा खून पाहिलेला असतो. लूना नऊ वर्षांची असताना तिची आई तिच्यासमोर गेलेली असते. वर्गातली एक मुलगी म्हणते, ही जनावरं फार अपशकुनी असतात. शिकवणारा हॅग्रिड तिथल्या तिथे सांगतो की ही निव्वळ अंधश्रद्धा आहे, जनावर हुशार आहे आणि उपयोगाचं आहे.

किशोरवयीनांसाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबऱ्यांना आपल्याकडे करमणूक म्हणून बाजूला सारलं जातं. यवतमाळसारख्या जिल्ह्यात तर हे चोचले हवेत कशाला, असाही सूर लागतो. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. या जिल्ह्यातल्या बारा ते सतरा वर्षांच्या मुलांना अशा कादंबरीची इतरांपेक्षा जास्त गरज आहे, कारण मोठी माणसं त्यांच्याशी ज्याबद्दल बोलत नाहीत त्याबद्दल ही कादंबरी बोलते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत यवतमाळचं नाव सतत येत राहिलं. 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केलं, त्यातही यवतमाळ होतं. कर्ज, कापसाचा भाव, पात्र की अपात्र, मदतीचा धनादेश यांची मोजदाद झाली. आत्महत्या झालेल्या घरात आठवीत शिकणाऱ्या मुलाने काय पाहिलं, ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. शाळेत तो परत येतो तेव्हा वर्ग तोच असतो, मित्र तेच असतात आणि त्याला मात्र असं काही दिसत असतं जे बाकीच्यांना दिसत नाही. थेस्ट्रलच्या प्रसंगात हा एकटेपणा जितका अचूक पकडला आहे तितका अचूक मी दुसऱ्या फार थोड्या पुस्तकांत पाहिला आहे. आणि 'अपशकुनी' या शब्दाला हॅग्रिडने दिलेलं उत्तर तर आपल्या गावांसाठीच लिहिल्यासारखं वाटतं. नवरा गेलेल्या बाईला हळदी-कुंकवाला न बोलावणाऱ्या, त्या घराकडे वेगळ्या नजरेने पाहणाऱ्या समाजात वाढणाऱ्या मुलीला ते वाक्य कुणीतरी वर्गात उभं राहून म्हणायला हवं आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो वास्तवाचा. दुःख खरं आहे, तर त्यावरचं साहित्यही खरंखुरं असावं, पंखांची जनावरं कशाला? जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याचं उद्घाटन याच जिल्ह्यातल्या, शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर संसार सावरणाऱ्या एका महिलेच्या हस्ते झालं. 'तेरवं' या नाटकात त्यांनी कामही केलं होतं. वास्तव थेट सांगण्याची ताकद किती मोठी असते, हे त्या नाटकाने आणि त्या व्यासपीठाने दाखवून दिलं आणि ती मी जराही कमी लेखत नाही. पण स्वतःची गोष्ट सभेत उभं राहून सांगण्याचं बळ चौदा वर्षांच्या पोट्ट्याकडून मागता येत नाही. त्याला आडोसा हवा असतो. 'माझे बाबा' असं म्हणण्याआधी त्याला हॅरीच्या बापाबद्दल बोलता यावं लागतं. पहिल्याच भागात एक आरसा आहे, ज्यात पाहणाऱ्याला स्वतःची सगळ्यात खोल इच्छा दिसते. अनाथ हॅरीला त्यात आईबाप दिसतात आणि तो रात्रीमागून रात्री त्याच्यासमोर बसून राहतो. मुख्याध्यापक डंबलडोर त्याला रागवत नाहीत. या आरशापुढे माणसं झिजून गेली आहेत एवढं सांगून ते आरसा हलवतात. शोक करावा, पण त्यात राहायला जाऊ नये, ही गोष्ट अकरा वर्षांच्या मुलाला याहून सोप्या रीतीने सांगता येईल असं मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो घेणारी माणसं माझ्या आदराची आहेत. ज्या राज्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तिथे मुलांच्या हाती जादूची पुस्तकं द्यायची? अंगात येणं, भानामती, करणी यांच्याशी झगडणाऱ्या कार्यकर्त्यांना ही काळजी वाटणं स्वाभाविक आहे. मात्र पुस्तक उघडून पाहिलं तर चित्र निराळं दिसतं. दुसऱ्या भागातला लॉकहार्ट हा हसऱ्या छायाचित्रांचा, स्वाक्षऱ्या वाटणारा गुरुजी पक्का भोंदू निघतो. दुसऱ्यांनी केलेले पराक्रम त्याने त्यांच्या आठवणी पुसून आपल्या नावावर लावलेले असतात. भविष्य सांगणाऱ्या ट्रेलॉनीबाईंच्या वर्गातून हर्मायनी, वर्गातली सगळ्यात अभ्यासू मुलगी, वैतागून उठून जाते. म्हणजे जादूच्या शाळेतही पुरावा मागणारे आहेत आणि लेखिका त्यांच्या बाजूने आहे. मुळात भोंदू बाबा आणि कादंबरीकार यांच्यात एक साधा फरक आहे. हे सगळं कल्पित आहे, असं कादंबरी पहिल्या पानापासून सांगते. बाबा ते कधीच सांगत नाही. कल्पित जगाचे नियम समजून घेणारा, 'मागच्या भागात तर असं नव्हतं' म्हणून लेखिकेला पकडणारा वाचक बाबालाही तसाच पकडू शकेल, असा माझा भरवसा आहे.

अद्भुत आपल्याला नवं नाही, हे वेगळं सांगायला नको. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 1830 साली वेताळ पंचविशी मराठीत आणली, 1868 साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली, 1913 साली नाथमाधवांचा 'वीरधवल'. 1952 पासून मराठी 'चांदोबा'ने विक्रम आणि वेताळाला घरोघर पोचवलं. पण विक्रम राजा वाढत नाही. तो दर महिन्याला त्याच झाडाकडे, त्याच वयाचा जातो. हॅरी अकराचा सतराचा होतो, भागागणिक एकेक वर्षाने. त्याचे राग, मत्सर, चुका वाचकाच्या वयाबरोबर बदलतात आणि आदर्श वाटलेली मोठी माणसं हळूहळू अपुरी दिसू लागतात. मराठी अद्भुतकथेत राहून गेलं आहे ते हे वाढणं.

मग हे परकं नाही का? मंजुल पब्लिशिंग हाऊसने 'हॅरी पॉटर आणि परीस'पासून ही मालिका मराठीत आणली, तरी बर्फ, किल्ला आणि भोपळ्याचा रस इंग्रजच राहतात. हे खरं आहे. पण पेटी घेऊन, आईबापांना सोडून निवासी शाळेत जाणं, तिथली जेवणाची पंगत, रात्रीचं वसतिगृह, सुट्टीत घरी जायला जागा नसलेला एखादा मुलगा, यातलं काहीही पांढरकवडा किंवा झरी-जामणीकडच्या आश्रमशाळेतल्या मुलाला परकं नाही. पुण्यामुंबईच्या फ्लॅटमधल्या मुलापेक्षा हॅरीची शाळा, हॉगवर्ट्स, त्याला जास्त जवळचं आहे. रानाच्या भीतीचंही तेच. नोव्हेंबर 2018 मध्ये राळेगाव-पांढरकवडा भागात टी-1 वाघीण मारली गेली. 13 माणसांच्या मृत्यूला तिला जबाबदार धरलं गेलं होतं आणि मागे तिचे दोन बछडे उरले. त्या काळात शेतावर जायला धजावत नसलेल्या गावांची भीती आणि त्या बछड्यांचं पोरकेपण, दोन्ही एकाच मनात ठेवायला बातमी शिकवत नाही. तिथे माणूस एका बाजूला, वाघ दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजूंनी रडता येईल अशी जागा कादंबरीतच सापडते.

आणि अशी कादंबरी लिहायला लागणारं साहित्य इथंच पडलेलं आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपून ठेवलेली गोंडांची लिंगोगाथा त्यांच्या मृत्यूनंतर 1866 साली रिचर्ड टेंपल यांनी छापली. त्यात गुहेत कोंडलेले लोक आहेत, फुलातून जन्मलेला लिंगो आहे, खोट्या आळामुळे त्याला मारणारे त्याचेच भाऊ आहेत, अमृताने पुन्हा उठणं आहे, आणि कोंडलेल्यांच्या सुटकेसाठी घातलेली अट पुरी करताना पक्ष्याची पिल्लं खाणाऱ्या सर्पाशी दिलेली झुंज आहे. मारणाऱ्या भावांचाच समाज सोडवायला निघालेला हा नायक कुठल्याही कुमार कादंबरीच्या नायकापेक्षा मोठा आहे. मात्र गोंड आणि परधान समाजासाठी लिंगो ही जिवंत श्रद्धा आहे, त्यामुळे बाहेरच्या कुणी ती उचलून तिची परीकथा करू नये. ती कादंबरी यवतमाळच्या एखाद्या आश्रमशाळेतून शिकलेल्या गोंड किंवा परधान मुलीने लिहावी, हवी तर गोंडी शब्दांसकट मराठीत, आणि तिच्या शाळेच्या कपाटात त्याआधी निदान एक तरी अशी कादंबरी असावी, जी वाचून तिला हे लिहिता येतं असं कळेल.