नगराने नाकारले, राज्याने दिले

मतपेटीतून निघालेला कौल हा लोकशाहीतील अखेरचा शब्द, ही आपली समजूत आदरणीय असली तरी, टेक्सास राज्याची राजधानी असलेल्या ऑस्टिन शहरात 2016 आणि 2017 या दोन वर्षांत जे घडले ते पाहता, तो शब्द कोणत्या सभागृहाच्या कक्षेत उच्चारला गेला, याची चौकशी आधी करावी लागते.

डिसेंबर 2015 मध्ये तेथील नगरपरिषदेने ॲपवर चालणाऱ्या टॅक्सींच्या चालकांची, बोटांचे ठसे घेऊन, पूर्वचारित्र्याची पडताळणी करण्याचा नियम केला. उबर आणि लिफ्ट या कंपन्यांना तो जाचक वाटला. त्यांच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या प्रचारसमितीने 65,000 हून अधिक सह्यांचा अर्ज गुदरला, आणि परिषद बधत नाही असे दिसताच प्रश्न मतदारांपुढे गेला. कंपन्यांनी 80 लाख डॉलरहून अधिक रक्कम प्रचारात ओतली. तरीही 7 मे 2016 रोजी सुमारे 56 टक्के मते त्यांच्या विरुद्ध पडली, आणि दोन दिवसांत दोघींनीही शहरातून गाशा गुंडाळला.

येथून पुढचे काम सशुल्क रदबदली करणाऱ्या पेढ्यांचे. टेक्सासचे विधिमंडळ नियमितपणे केवळ विषम सालीच, तेही 140 दिवस भरते. सभासद 181, मासिक वेतन 600 डॉलर, त्यामुळे बहुतेकांचा चरितार्थ अन्य व्यवसायावर, आणि समोर मात्र विधेयकांचा हजारोंचा ढीग. अशा सभासदाच्या दालनात जो मनुष्य कलमवार मसुदा तयार करून आणतो, अन्य राज्यांतील तरतुदींचा तुलनात्मक गोषवारा एका पानात देतो, समितीपुढे साक्ष द्यायला योग्य माणसे योग्य वेळी हजर करतो, आणि पुष्कळदा स्वतःच पूर्वाश्रमीचा आमदार किंवा सरकारी अंमलदार असतो, त्याचे वजन पडावे यात नवल नाही. यात बेकायदेशीर काही नाही. गाऱ्हाणे मांडण्यासाठी सरकारदरबारी अर्ज करण्याचा हक्क अमेरिकी राज्यघटनेने 1791 पासून मान्य केला आहे, आणि शहरेदेखील आपले असे मध्यस्थ पदरी बाळगतात. मी या व्यवसायाला सरसकट दोष देणार नाही. मला खुपते ते एवढेच, की हरलेल्या पक्षाजवळ पैसा असेल तर त्याला वरचे दार ठोठावता येते, आणि जिंकलेल्या नागरिकाला आपण जिंकलो तो खटला अन्यत्र पुन्हा उभा राहिला आहे, याची वार्ताही नसते.

दर शहराला निराळा नियम असेल तर धंदा कसा चालवावा, हा कंपन्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. विधिमंडळाने तो मानला. 29 मे 2017 रोजी राज्यपाल ग्रेग ॲबट यांनी ‘हाउस बिल 100’ वर स्वाक्षरी केली. नियमनाचा अधिकार राज्याच्या खात्याकडे गेला, शहरांचे नियम रद्दबातल झाले, ठशांची अट संपली, आणि कंपन्या त्याच दिवशी ऑस्टिनमध्ये परतल्या.

या व्यवहारावर प्रकाश पडतो तो नोंदवहीमुळे. टेक्सासमध्ये मध्यस्थाला राज्याच्या नीतिमत्ता आयोगाकडे आपले नाव, अशिलाचे नाव आणि मोबदल्याचा टप्पा नोंदवावा लागतो. शिकागोत नियम याहून कडक ठरला: ओबामांच्या निवडणूक प्रचाराचे माजी सूत्रधार डेव्हिड प्लूफ यांनी उबरसाठी महापौरांना, विमानतळाच्या नियमांविषयी, खाजगी पत्त्यावर ईमेल पाठवला, नोंदणी केली नव्हती म्हणून 2017 साली त्यांना 90,000 डॉलर दंड झाला. आपल्याकडे अशी नोंदवहीच नाही. वॉलमार्टने भारतीय बाजारपेठेसाठीही रदबदलीवर खर्च केला, हे 2012 साली आपल्या संसदेला कळले ते अमेरिकेतील कागदपत्रांवरून.

टेक्सासात मात्र ऑस्टिनवर गोष्ट थांबली नाही. 2023 साली, उद्योजकांच्या संघटनांच्या पाठिंब्याने, ‘हाउस बिल 2127’ संमत झाले, आणि मजुरी, मालमत्ता, शेती, व्यापार अशा अनेक क्षेत्रांत राज्याच्या कायद्यापलीकडे जाणारे नियम करण्याचा शहरांचा अधिकार आकुंचित झाला. ज्या नियमांवर गदा आली त्यांत ऑस्टिन आणि डॅलस येथील एक होता: बांधकामावरील मजुरांना दर 4 तासांमागे 10 मिनिटांची विश्रांती, उन्हातून बाजूला होऊन घोटभर पाणी पिता यावे म्हणून. मजुरांच्या संघटनांनी विरोध केला. विधेयक तरीही मंजूर झाले, आणि ह्यूस्टन शहराने आपल्याच राज्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली.