स्काऊट पथकात मोठ्या माणसाचे काम काय?



गळ्यात स्कार्फ बांधलेल्या आणि हातात लाठी घेतलेल्या आमच्या मुलांची छायाचित्रे आपण या वार्तापत्रात पाहिली असतील. ती पाहून मंडळीतील बरेच जण मला विचारतात, "स्काऊट म्हणजे कवायतच ना? २६ जानेवारीला झेंड्यासमोर उभे राहण्यापुरती? आणि तुम्ही तेथे नेमके काय करता?" या प्रश्नांची उत्तरे एकदा नीट लिहून काढावीत म्हणून हा लेख.

मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. निवृत्त झाल्यावर नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका बोर्डिंगमध्ये स्वयंसेवक म्हणून स्काऊट पथकाचे काम पाहू लागलो. त्याला आता ११ वर्षे झाली. बोर्डिंगमध्ये पाचवी ते दहावीची मुलेमुली आहेत. बहुतेक भिल्ल आणि पावरा समाजाची. दिवाळीनंतर अनेकांचे आईवडील ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुले बोर्डिंगमध्ये असली तरच त्यांची शाळा अखंड चालते.

चळवळ कोठून आली

१९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील ब्राऊनसी बेटावर रॉबर्ट बेडन-पॉवेल या सैन्यातील अधिकाऱ्याने सुमारे २० मुलांचे शिबिर घेतले. काही मुले श्रीमंतांच्या शाळांतली होती, काही कामकऱ्यांच्या घरची. त्यांना त्यांनी चार लहान संघांत वाटले आणि प्रत्येक संघाचा कारभार त्यातल्याच एका मुलाच्या हाती दिला. पुढच्या वर्षी, १९०८ मध्ये, त्यांचे 'स्काऊटिंग फॉर बॉइज' हे पुस्तक आले आणि मुलांनी आपणहून संघ काढायला सुरुवात केली.

भारतात १९०९ मध्ये बंगळूरला पहिले पथक निघाले. पण तेव्हा भारतीय मुलांना स्काऊट होता येत नव्हते. मग १९१६ मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासमध्ये भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढली. १९१८ मध्ये अलाहाबादला पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची स्काऊट संघटना उभी केली. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, या निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही संस्था झाली. आमचे पथक तिच्याशी संलग्न आहे.

हा इतिहास मी मुलांना मुद्दाम सांगतो. ज्या दारातून आपल्याला एके काळी आत घेत नव्हते, त्याच दारातून आज आपण ताठ मानेने आत जातो, हे त्यांना कळले पाहिजे.

संघ, संघनायक आणि मानसभा

साधारण सहा ते आठ मुलांचा एक संघ असतो. त्याचा एक नायक, एक उपनायक. असे काही संघ मिळून पथक होते. आमच्या पथकात चार संघ आहेत आणि ३० मुले. संघांना प्राण्यापक्ष्यांची नावे देतात. आमची मुले मोर, वाघ, घार आणि साळिंदर आहेत. साळिंदर हे नाव त्यांनीच हट्टाने घेतले.

संघनायकांची जी बैठक होते तिला मानसभा म्हणतात. पुढचा कार्यक्रम काय, शिबिरात कोणी काय आणायचे, कोणाची तक्रार आहे, कोण मागे पडत आहे, हे सर्व तेथे ठरते. स्काऊट मास्तर त्या बैठकीला बसतो, पण सल्ला देण्यापुरता.

बोर्डिंगमधल्या मुलाचा दिवस घंटेवर चालतो. उठण्याची घंटा, प्रार्थनेची, जेवणाची, अभ्यासाची, झोपेची. शंभरावर मुले सांभाळायची तर दुसरा उपायही नाही. पण अशा दिवसात मुलाने स्वतः काही ठरवावे अशी जागा फार थोडी उरते. शनिवारच्या दुपारचे दोन तास ही ती जागा आहे.

ऊसतोडीच्या दिवसांत याचा उपयोग विशेष दिसतो. दिवाळीच्या सुट्टीला घरी गेलेला एखादा मुलगा आईवडिलांबरोबर गुजरातेत निघून जातो. हजेरीपटावर नुसती अनुपस्थिती लागते. मात्र संघात सातापैकी एक जागा रिकामी दिसते, कारण तंबूचा एक दोर धरायला कोणी नसतो. गेल्या हिवाळ्यात घार संघाच्या नायकाने मानसभेत हा विषय काढला. मुलाच्या काकांचा मोबाईल नंबर त्यानेच मिळवला. वॉर्डनने फोन केला आणि जानेवारीत तो मुलगा परत आला. प्रत्येक वेळी असे होत नाही. पण "तू नाहीस म्हणून आमचे काम अडते" असे मुलाला त्याच्या वयाच्या मुलांनी सांगणे आणि मोठ्यांनी "शिक्षण महत्त्वाचे आहे" असे सांगणे यांत फरक आहे.

शनिवारी आम्ही काय करतो

सुरुवात झेंडा आणि प्रार्थनेने होते. मग एखादा खेळ. मुलांचा आवडता खेळ 'किम'चा. एका कापडाखाली २४ वस्तू ठेवायच्या, एक मिनिट उघडून दाखवायच्या आणि पुन्हा झाकायच्या. मग ज्याने त्याने आठवून यादी करायची. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारी मुले यात पुष्कळदा पुढे असतात.

त्यानंतर गाठी. दोन दोर जोडायची रीफ गाठ, खांबाला बांधायची क्लोव्ह हिच, माणसाला वर खेचताना आवळत न जाणारी बोलाईन. मग प्रथमोपचार, नकाशा, होकायंत्र, खुणांवरून माग काढणे. वर्षातून दोनदा शिबिर होते. त्यात बिनभांड्यांचा स्वयंपाक असतो. पळसाच्या पानांत थापलेले पानगे निखाऱ्यावर भाजायचे, बटाटे व वांगी राखेत खुपसायची. रात्री शेकोटीभोवती गाणी आणि नकला.

या कौशल्यांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. पहिल्यांदा गणवेशात वचन घेण्याच्या कार्यक्रमाला दीक्षाविधी म्हणतात. त्या दिवशी आईवडील आले तर मुलांना फार आनंद होतो.

आणखी एक गोष्ट. झाडे, पाणवठे, वारा, जनावरांच्या पाउलखुणा यांबद्दल आमची मुले मला पुष्कळ शिकवतात. कोणते लाकूड धूर करते, कोणते लवकर पेट घेते, हे पाचवीतल्या मुलालाही माहीत असते. हे ज्ञान शाळेच्या परीक्षेत कोणी विचारत नाही. पथकात विचारले जाते, त्याची नोंद होते, त्यावर पदक मिळते. घरून आणलेली आपली शिदोरी कमी दर्जाची नाही, हे मुलाला त्यातून उमगते.

एका आजीची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमचा एक नववीतला मुलगा सुट्टीला पाड्यावर गेला होता. शेतात त्याच्या आजीच्या पायाला साप चावला. लोक जमले. कोणी दोरी घट्ट आवळायला निघाले, कोणी ब्लेड आणायला.

पथकात आम्ही सर्पदंशाचा सराव दरवर्षी करून घेतो. माणसाला धीर द्यायचा, चालू द्यायचे नाही, चावलेला अवयव फळीने स्थिर करायचा, जोडवी किंवा कडे असेल तर काढायचे. कापायचे नाही, चोखायचे नाही, आवळून बांधायचे नाही. आणि लवकरात लवकर दवाखान्यात न्यायचे, कारण विषावर औषध एकच, प्रतिविषाचे इंजेक्शन, आणि ते तेथेच मिळते.

त्या मुलाने हे सर्व वडीलधाऱ्यांसमोर सांगितले. चौदा वर्षांच्या मुलाने चारचौघांत "थांबा" म्हणणे आपल्या समाजात सोपे नाही. त्याच्या चुलत्याने आधी त्याला दटावले. तो हटला नाही. भिली बोलीत समजावत राहिला. शेवटी आजीच म्हणाली, "पोरगा म्हणतो तसं करा." दोन बांबू आणि एक घोंगडी घेऊन त्याने झोळी बांधली. चार जणांनी ती खांद्यावर घेतली आणि एक जण टेकडीवर रेंज शोधून १०८ ला फोन करायला पुढे धावला. दीड तास चालून ते रस्त्यावर पोचले.

आजी आज ठणठणीत आहे. साप विषारी होता की नव्हता हे कोणी पाहिले नव्हते. दवाखान्यात तिला एक दिवस देखरेखीखाली ठेवून घरी सोडले. त्यामुळे "स्काऊटने प्राण वाचवले" असे मी म्हणणार नाही. मला मोल वाटते ते त्या मुलाच्या न हटण्याचे. गाठ मी शिकवली. पण आपल्या शब्दाला वजन आहे हा विश्वास त्याला मानसभेतल्या तीन वर्षांनी दिला.

मोठ्या माणसाने काय करायचे

आता मूळ प्रश्न. मास्तरचे काम मुलांना सर्व करून दाखवणे नव्हे. तंबू वाकडा उभा राहतो आहे हे दिसते, हात शिवशिवतो, तरीही थांबायचे. वाकडा तंबू रात्री वाऱ्याने पडला तर सकाळी मुलेच मानसभेत त्याचे कारण शोधतात, आणि पुढच्या वेळी खुंट्या खोल ठोकतात.

थांबायचे म्हणजे लक्ष द्यायचे नाही असे नव्हे. आग, पाणी, उंच जागा आणि धारदार हत्यारे यांच्याजवळ मोठे माणूस असलेच पाहिजे. नदीत उतरायचे की नाही हे मानसभा ठरवत नाही, मी ठरवतो. तसेच कोणत्याही मुलासोबत एकटे मोठे माणूस राहत नाही. शिबिरात निदान दोन मोठी माणसे असतात, त्यांचा तंबू वेगळा असतो आणि मुलाशी खासगी बोलायचे झाले तरी इतरांच्या नजरेसमोर, थोडे बाजूला बसून. जगभरच्या स्काऊट चळवळीत 'सेफ फ्रॉम हार्म' या नावाने बालसुरक्षेचे धोरण आहे. ते माणसांवर अविश्वास म्हणून केलेले नाही. मुलांचा विश्वास जपण्यासाठी ते आहे.

या कामाचे रीतसर प्रशिक्षण मिळते. आधी बेसिक, मग ॲडव्हान्स आणि नंतर हिमालय वूड बॅज. राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र मध्य प्रदेशात पचमढीला आहे, म्हणजे आपल्याच सातपुड्यात.

पण प्रशिक्षणाहून मोठी गोष्ट म्हणजे सातत्य. कार्यक्रमाला येऊन मुलांसोबत फोटो काढणारे पाहुणे पुष्कळ असतात आणि मुले त्यांचे स्वागतही आनंदाने करतात. मात्र मुले मोजतात ते शनिवार. पाऊस असो, लग्नसराई असो, हा माणूस येतो की नाही, हे ती पाहत असतात. आईवडील वर्षातले चारपाच महिने दूर असलेल्या मुलाला नेमाने येणाऱ्या माणसाची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते.

हे मंडळीचे काम आहे का?

असाही प्रश्न येतो. स्काऊट चळवळ कोणत्याही एका पंथाची नाही. वचनात ईश्वराप्रती कर्तव्य आहे आणि ज्याला हवे तो तेथे 'धर्म' हा शब्द घेऊ शकतो. स्काऊट सर्वांचा मित्र असतो, प्राण्यांचा मित्र असतो आणि निसर्गावर प्रेम करतो, असे नियमांत आहे. आमच्या पथकात उपासनेला येणारी मुले आहेत तशीच याहामोगी मातेला मानणाऱ्या घरांतलीही आहेत. सर्व एकाच चुलीवरचे जेवतात. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आपण पाळतो ती अशाच ठिकाणी, असे मला वाटते.

मुलींचा प्रश्न

१९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली कोणी न बोलावता तेथे हजर झाल्या आणि आम्हालाही हे हवे म्हणाल्या. त्यातून १९१० मध्ये गाईड चळवळ निघाली.

आमच्या बोर्डिंगच्या मुलीही तेच म्हणत आहेत. गाईड पथक चालवायला प्रशिक्षित महिला, म्हणजे गाईड कॅप्टन, लागते. आमच्याकडे एक शिक्षिका हे काम पाहत होत्या. गेल्या वर्षी त्यांची बदली झाली आणि २२ मुलींचे पथक बंद पडले. आता शनिवारी मुले मैदानात असतात तेव्हा काही मुली पायऱ्यांवर बसून जुन्या दोराने गाठींचा सराव करतात. त्यांच्यातली सहावीतली एक मुलगी दर आठवड्याला विचारते, "सर, आमचं कधी?"

मी ६९ वर्षांचा आहे. मुलांच्या पथकासाठी एक तरुण सहायक तयार होत आहे, त्याबद्दल देवाचे आभार. मुलींसाठी अजून कोणी नाही. आपल्या मंडळीत किंवा ओळखीत, नंदुरबार परिसरात राहणारी, शनिवारचे दोन तास निदान तीन वर्षे देऊ शकेल अशी कोणी भगिनी असेल, तर कृपया बोर्डिंगच्या कार्यालयात कळवावे. स्काऊटिंगचा अनुभव नसला तरी चालेल, प्रशिक्षणाची व्यवस्था करता येते. दोर, तंबू, प्रथमोपचाराची पेटी यांसाठी आपण आजवर उदारपणे दिले आहे आणि ते सर्व वापरात आहे. या वेळची गरज माणसाची आहे.