घरच्या संगणकास कोणती प्रणाली घालावी?

सातबाराचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, बँकेचें खातें, बाजारसमितीचे भाव, बागेच्या फवारणीची नोंद, हीं सर्व कामें आतां कित्येक शेतकरी बंधूंच्या घरीं संगणकावर होऊं लागलीं आहेत. जमिनीचे कागद ट्रंकेंत कुलपाखालीं ठेवणारा गृहस्थ त्याच कागदांच्या प्रती व खात्याचे आंकडे मात्र अशा यंत्रांत ठेवतो कीं, ज्याच्या आंतील कारभार कोण पाहतो याची त्यास कल्पनाहि नसते. हा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रणालीस ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. ती कोणती असावी याविषयीं आम्हांस वारंवार विचारणा होते. म्हणून स्वानुभवासह कांहीं माहिती येथें देण्याचें योजिलें आहे.

प्रथम अनुभव सांगतों. आमच्या घरचा संगणक घेतेवेळीं तालुक्याच्या गांवच्या एका दुकानदारानें त्यांत विंडोजची चोरटी प्रत फुकट घालून दिली. पैसे वांचले म्हणून आम्हींहि अधिक चौकशी केली नाहीं. प्रत उघडकीस येऊं नये यासाठीं त्यानें सुधारणा घेण्याची सोयच बंद करून ठेविली होती, हें मागाहून कळलें. दोन वर्षांनीं एके सकाळीं पडद्यावर खंडणी मागणारी चिठ्ठी झळकली, आणि सर्व फायलींस कुलूप लागलेलें आढळलें. द्राक्षबागेच्या तीन हंगामांच्या फवारणीच्या नोंदी, मजुरांचे हिशेब व वडिलांचीं छायाचित्रें एकदम गेलीं. पैसे भरले तरी फायली परत मिळतीलच याची हमी नव्हती. आम्हीं भरले नाहींत. त्या वर्षीं माल परदेशीं पाठविणाऱ्या व्यापाऱ्यानें मागील फवारण्यांची तपशीलवार यादी मागितली, तेव्हां आमच्यापाशीं वहींतील अर्धवट टिपणांपलीकडे कांहीं नव्हतें, आणि तो माल पडत्या भावानें गांवच्या बाजारांतच विकावा लागला.

ज्यांनीं विंडोज रीतसर विकत घेतली आहे त्यांनींहि एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. विंडोज १० या आवृत्तीस मोफत सुधारणा देण्याचें मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविलें. नांव नोंदविणाऱ्या घरगुती ग्राहकांस एक वर्षाची जादा मुदत काय ती दिली. विंडोज ११ घालावी म्हटलें तर तिला टीपीएम २.० नांवाचा भाग लागतो, व साधारणपणें २०१८ पूर्वींच्या यंत्रांस ती अधिकृतपणें चालत नाहीं. म्हणजे जें यंत्र अद्याप धडधाकट आहे तें केवळ कागदोपत्रीं म्हातारें ठरलें. ज्याचे दांत पडले नाहींत असा बैल आपण पांजरपोळांत पाठवितों काय?

अशा यंत्रांस लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. फिनलंड देशांत हेलसिंकी येथील विद्यापीठांत शिकत असतां लिनस टोरवाल्ड्स यानें १९९१ सालीं या प्रणालीचा गाभा लिहिला. त्याआधीं १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यानें ग्नू या नांवानें मुक्त प्रणालीचें काम आरंभिलें होतें. या दोहोंच्या मिलाफांतून आजच्या प्रणाली निघाल्या. यांचें वैशिष्ट्य शेतकऱ्यास बियाण्याच्या दाखल्यानें चटकन् समजेल. संकरित वाणाचें बी दर हंगामास दुकानांतून आणावें लागतें. देशी वाणाचें बी घरीं राखतां येतें, शेजाऱ्यास पायलीभर देतां येतें आणि त्यांतून निवड करून सुधारतांहि येतें. तसेंच येथें आहे. प्रणालीची मूळ लिखित संहिता कोणासहि पाहतां येते, बदलतां येते व वांटतां येते. अट इतकीच कीं, गाभ्यांत सुधारणा करून जो तो दुसऱ्यास देईल त्यानें आपली सुधारलेली संहिताहि त्याबरोबर खुली दिली पाहिजे. यास किंमत पडत नाहीं, आणि चोरीचा दोषहि लागत नाहीं.

परंतु खुलें आहे म्हणून आपोआप सुरक्षित आहे, असें कोणीं समजूं नये. "लिनक्सला व्हायरस लागतच नाहीं" असें शहरांतून शिकून आलेलीं पोरें छातीठोकपणें सांगतात, तें खरें नव्हे. २०२४ च्या मार्च महिन्यांत काय घडलें तें पाहावें. एक्सझेड या नांवाचा फायली आवळून लहान करण्याचा एक छोटा उपक्रम बहुतेक सर्व लिनक्स प्रणालींत असतो, व तो मुख्यतः एकटा मनुष्य फावल्या वेळांत सांभाळीत होता. जिया तान या नांवानें वावरणाऱ्या कोणीएकानें दोन वर्षांहून अधिक काळ त्यांत मदत करून विश्वास संपादिला, आणि शेवटीं त्यांत एक चोरदरवाजा बसविला. तो फेडोरा व डेबियन यांच्या चांचणीच्या आवृत्त्यांपर्यंत पोंचलाहि. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या यंत्रांत प्रवेश करतांना सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें जाणवलें. त्यानें त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरविला, आणि २९ मार्च रोजीं सर्व प्रकार जगापुढें मांडला. संहिता खुली होती म्हणून चोरास आंत शिरतां आलें, आणि ती खुली होती म्हणूनच परक्या माणसास तो पकडतांहि आला. यांतून आमच्यासारख्यांनीं घ्यावयाचें तें असें कीं, घरच्या कामास नवी कोरी चांचणीची आवृत्ति घेऊं नये, स्थिरावलेली घ्यावी. एक्सझेडचा तो भाग स्थिर आवृत्त्यांत गेलाच नव्हता.

आतां निवडीचें. लिनक्सच्या शेंकडों जाती आहेत. नवशिक्यास त्यांतील तीनचारच ठाऊक असल्या म्हणजे पुरे. आमची शिफारस लिनक्स मिंट हिची आहे. २००६ सालीं निघालेली ही प्रणाली उबुंटुच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर बेतलेली असते; २०२४ च्या जुलैंत निघालेल्या तिच्या २२ व्या आवृत्तीस २०२९ पर्यंत सुधारणा मिळावयाच्या आहेत. हिची मांडणी विंडोजच्या जुन्या वळणाची असल्यामुळें घरांतील वडील माणसांचाहि हात लवकर बसतो. सुधारणा आल्याची खूण कोपऱ्यांत दिसते, व टाइमशिफ्ट या सोयीनें प्रणालीची कालची स्थिति राखून ठेवतां येते, म्हणजे सुधारणा अंगलट आली तर मागें फिरतां येतें. यंत्र जुनें व स्मृति चार जीबी किंवा त्याहून कमी असेल तर तिचाच एक्सएफसीई हा हलका प्रकार घ्यावा. मात्र फार जुन्या ३२-बिट यंत्रांस मिंटच्या व उबुंटुच्या आजच्या आवृत्त्या चालत नाहींत.

स्वतः उबुंटुहि चांगली. तिची मांडणी तेवढी निराळी. डेबियन अत्यंत स्थिर, पण बसवितांना थोडी अधिक माहिती लागते. फेडोरा सुरक्षिततेंत कडक आहे. तथापि तिची प्रत्येक आवृत्ति सुमारें तेरा महिनेच सांभाळली जाते, व वर्षांतून एकदां सर्व बदलण्याची दगदग सुगीच्या दिवसांत कोण करणार? सी-डॅकच्या चेन्नई केंद्रानें डेबियनवर बेतलेली बॉस नांवाची प्रणाली तयार केली असून तींत मराठीसह आपल्या भाषांची सोय आहे. केरळांतील सरकारी शाळांतून तर मुक्त प्रणालीच शिकविली जाते. तेव्हां हें काम पंडितांचेंच आहे असें मानण्याचें कारण नाहीं.

प्रणाली उतरवून घेतांना मात्र बियाण्याइतकीच पारख करावी. २० फेब्रुवारी २०१६ रोजीं खुद्द मिंटच्या संकेतस्थळावर चोर शिरले, आणि तेथील दुवा त्यांनीं चोरदरवाजा असलेल्या बनावट प्रतीकडे वळविला. त्या दिवशीं ज्यांनीं प्रत घेतली त्यांतील कित्येक फसले. प्रत्येक प्रतीस चौसष्ट अक्षरांचा एक पडताळा-आंकडा असतो. उतरविलेल्या फायलीचा आंकडा काढून तो त्याशीं ताडून पाहावा. परंतु संकेतस्थळांत शिरलेला चोर आंकडाहि बदलूं शकतो, म्हणून त्यासोबतची डिजिटल स्वाक्षरीहि तपासावी. ही रीत मिंटच्या मार्गदर्शिकेंत पायरीपायरीनें दिली आहे.

नंतर आठ जीबीच्या पेन ड्राईव्हवर ती घालून, आंतील विंडोजला हात न लावतां, यंत्र त्यावरूनच चालू करावें. अशा रीतीनें ती थोडी संथ चालते, पण वायफाय, ध्वनि व छपाईयंत्र चालतें किंवा नाहीं तें कळतें. पसंत पडल्यास सर्व फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क यंत्रापासून दूर ठेवावी, व मगच कायमची बसवावी. बसवितांना संपूर्ण डिस्क सांकेतिक लिपींत ठेवण्याचा पर्याय येतो, तो घ्यावा. यंत्र चोरीस गेलें तरी कागद वाचले जाणार नाहींत. तो परवलीचा शब्द मात्र विसरला तर मालकासहि आंत जातां येत नाहीं. तेव्हां तो कागदावर लिहून ट्रंकेंतच ठेवावा.

अडचणी लपवून ठेवणें योग्य नाहीं. सोसायटीचा हिशेब टॅलीवर असेल तर ती विंडोजसाठीं बनलेली आहे. त्या कामास वेगळें यंत्र ठेवावें. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत लिहिलेले मराठी कागद येथें उघडल्यास निरर्थक अक्षरें दिसतात. ते आधींच युनिकोडांत बदलून घ्यावे. डिजिटल सहीचा टोकन किंवा अंगठ्याचें यंत्र वापरणाऱ्यांनीं तें लिनक्सवर चालतें काय, हें विकणाऱ्यास विचारावें. आणि योजनेच्या नांवानें आलेल्या फसव्या दुव्यावर आपणच आपला ओटीपी लिहून दिला, तर कोणतीहि प्रणाली तो अडवूं शकत नाहीं.

आमचा तोच जुना संगणक आतां मिंटवर चालतो. छपाईयंत्र जुळविण्यास दोन दिवस गेले. फवारणीची नोंद रोज संध्याकाळीं घरची सून करते, व दर रविवारीं तिची प्रत वेगळ्या डिस्कवर निघते.