भांडी धुण्याचे यंत्र सुरू का होत नाही?

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशात भांडी राखेने घासण्याची रीत फार जुनी आहे. राखेतील क्षार तेलकटपणा काढतो, म्हणून ती रीत शास्त्रदृष्ट्याही चुकीची नव्हे. तथापि आता काही घरांत डिशवॉशर नामक विजेचे यंत्रही येऊन पोचले आहे. अमेरिकेतील जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी अशा एका यंत्राचे पेटंट १८८६ साली मिळविले होते. हे यंत्र अडून बसल्यास कारागीर पुष्कळदा दूरच्या शहराहून बोलवावा लागतो; चंद्रपुराहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. यास्तव तत्पूर्वी घरच्या घरी काय पाहावे, हे जाणून घेणे इष्ट होय.

प्रथम यंत्रावरील दिवा पाहावा. तो मुळीच लागत नसेल, तर दोष बहुधा यंत्रात नसून विजेच्या वाटेवर असतो. ऊर्जानगरचे वीज केंद्र २,९२० मेगावॉटचे खरे. पण पावसाळ्यात तारेवर एक फांदी पडली की आपल्या घरी त्याचा काय उपयोग? पाणी तापविताना हे यंत्र सुमारे २,००० वॉट वीज घेते. २३० व्होल्ट दाबावर हा प्रवाह जवळजवळ ९ अँपियर होतो. सबब ६ अँपियरच्या साध्या सॉकेटात ते कदापि जोडू नये. एमसीबी पडली असल्यास हात कोरडे करून ती एकदाच वर करावी. पुन्हा पडली, तर आत कोठेतरी विजेचा दोष आहे असे समजून प्लग काढावा व कारागिराची वाट पाहावी. येथे हट्ट जिवावर बेततो.

दिवा लागतो, पण यंत्र हालत नाही, असे असेल तर दार तपासावे. दाराच्या खिटीत एक लहान स्विच असतो. तो पुरता दाबला गेल्यावाचून यंत्र सुरू होत नाही. पुष्कळदा एखाद्या झाऱ्याचा दांडाच आड आलेला असतो! उशिरा सुरू होण्याची वेळ लावलेली नाही ना, बालकांसाठीचे कुलूप लागलेले नाही ना, हेही पाहावे.

राहिले पाणी. नळी मुरगळली असेल, अथवा तिच्या तोंडाच्या जाळीत गाळ साचला असेल, तर यंत्र क्षणभर गुणगुणून थांबते. तोटी बंद करून जाळी धुवावी. पुष्कळ यंत्रांस ०.३ ते ०.५ बार इतका तरी दाब लागतो. १० मीटर उंच पाण्याचा दाब सुमारे १ बार असतो. म्हणजे टाकी यंत्रापेक्षा तीन ते पाच मीटर तरी उंच हवी. कौलारू घराशेजारच्या ठेंगण्या ओट्यावरील टाकी येथे अपुरी पडते.

इतके करूनही यंत्र न चालल्यास दाराच्या कडेवरील मॉडेल क्रमांक, लागलेले दिवे व पडद्यावरील खुणेचा अंक कागदावर लिहून घ्यावा आणि दूरध्वनीवर कारागिरास वाचून दाखवावा. म्हणजे योग्य तो सुटा भाग तो पहिल्याच खेपेस घेऊन येईल.