खिचडीतला साबुदाणा आणि सोयाबीनवरची माशी

श्रावणी सोमवारी परळीच्या वैजनाथाला निघालेल्या भाविकांच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी हमखास असते. हा दाणा झाडाला लागत नाही. तमिळनाडूतल्या सेलम भागात कसाव्याच्या कंदांतून काढलेल्या स्टार्चपासून तो बनतो. या कसाव्याचा जुना शत्रू म्हणजे मोझॅक. आफ्रिकेत त्याची पहिली नोंद 1894 सालची. भारतात त्याचे दोन विषाणू आढळतात आणि दोन्ही पांढरी माशीच पसरवते. बीडच्या सोयाबीन, मूग, उडदावरचा पिवळा मोझॅक याच कुळातला, आणि त्याचे वाहनही तीच माशी. 2023 च्या खरिपात ऑगस्ट कोरडा गेला आणि मराठवाड्यातली सोयाबीनची शेते पिवळी पडली, ती याच रोगाने.

खाणाऱ्याला मात्र धोका नाही. वनस्पतींचे हे विषाणू माणसाला बाधत नाहीत. धोका आहे तो पिकाला आणि पिकवणाऱ्याच्या खिशाला.

दोन्ही पिकांत एक मोठा फरक आहे. कसावा उसासारखा लावतात, म्हणजे गेल्या वर्षीच्या खोडाचे तुकडे हेच बेणे. बेण्यात विषाणू असला की रोग पहिल्या पानापासूनच सोबत येतो. माशी नंतर आली काय, न आली काय. म्हणून तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने निरोगी बेणे आणि ‘श्री रक्षा’सारख्या रोगप्रतिकारक वाणांवर भर दिला. सोयाबीनमध्ये मात्र रोग मुख्यतः माशीच्या सोंडेतून शिरतो. एकदा विषाणू पोटात गेला की ती बरेच दिवस तो वाटत फिरते.

झाड पिवळे पडल्यावर दुकानातून औषध आणून फवारण्याची घाई बहुतेकांची होते. (दुकानदारही नको म्हणत नाही.) फवारणीने माशी मरेल, पण झाडात शिरलेला विषाणू मारणारे औषधच नाही. शिवाय अंदाधुंद फवारणीत माशी खाणारे मित्रकीटकही मरतात आणि उरलेली माशी औषधाला दाद देईनाशी होते. त्यापेक्षा पीक लहान असतानाच पाने उलटून पाहावीत, पिवळे चिकट सापळे लावावेत. पहिली पिवळी झाडे दिसताच उपटून पुरून टाकावीत. ती बांधावर टाकली, तर माशी उठून शेजारच्या ओळीत बसते.