न्हाणीघरातील वाफ आणि पत्र्याखालची हवा

घर बांधताना आपण भिंती, फरशी आणि रंग यांचा पुष्कळ विचार करतो. हवेचा मात्र फारसा करीत नाही. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा भाग. येथे पाऊस कमी, मग घरात ओल कोठून येणार, असे कोणी विचारील. परंतु ओल केवळ पावसानेच येते असे नाही. आंघोळीची वाफ, स्वयंपाकाची वाफ, वाळत घातलेले कपडे यांमुळे ती घरातच तयार होते. तिला बाहेरची वाट मिळाली नाही तर ती भिंतीत आणि छतात मुरते.

आपल्या आधीच्या पिढ्यांनी गावकुसाबाहेरच्या ज्या घरांत दिवस काढले, ती बहुधा ठेंगणी आणि एका दाराची असत. चुलीचा धूर घरातच कोंडे आणि आयाबायांचे डोळे त्यात जात. वास्तविक हवेचा विचार आपल्या परंपरेत फार जुना आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात विहाराला खिडक्या ठेवण्याची अनुज्ञा असून कठड्याची, जाळीची आणि गजांची असे तीन प्रकारही दिले आहेत. पालीत खिडकीला 'वातपान' म्हणतात. खिडकीतून खारी व वटवाघळे आत येऊ लागली, तेव्हा तिला पडद्याची सोय झाली. 'जंताघर' म्हणजे गरम वाफेचे न्हाणीघर. त्यात अग्नी पेटवीत, म्हणून धूर बाहेर जाण्यासाठी 'धूमनेत्त' ठेवण्याची अनुज्ञा होती. न्हाणीघराची हवा बाहेर काढली पाहिजे, हे तेव्हाही ओळखले होते.

आता यामागचे शास्त्र पाहू. हवा जितकी गरम, तितकी तिच्यात वाफ जास्त मावते. 30 अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत सुमारे 30 ग्रॅम पाणी वाफरूपाने राहू शकते. 20 अंशांना सुमारे 17 ग्रॅमच राहते. म्हणून गरम ओली हवा थंड भिंतीला किंवा पत्र्याला लागली की जास्तीचे पाणी तेथे थेंबांच्या रूपाने बसते. ते वाळले नाही तर काळी बुरशी धरते, रंगाचे पोपडे सुटतात, लोखंड गंजते. बुरशीमुळे दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना त्रास होतो.

यावर उपाय म्हणून पुष्कळजण एक्झॉस्ट फॅन बसवितात. आमच्याकडे बँकेत घरकर्जासाठी जे नकाशे येतात, त्यांवर न्हाणीघराला व्हेंटिलेटर दाखविलेला असतो; पण तो नेमका कोठे उघडतो, हे कोणी विचारीत नाही. कधी तो जिन्याखाली उघडतो, कधी बोळात, तर कधी पंख्याचे तोंड थेट सीलिंगच्या वरच्या पोकळीत सोडलेले असते. अशाने ओल घराबाहेर जात नाही; तिची फक्त जागा बदलते. पंख्याची हवा बाहेरच्या मोकळ्या हवेतच गेली पाहिजे. मध्ये पाइप लागला तर तो आखूड व कमी वळणांचा असावा आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा, म्हणजे पाइपात जमलेले पाणी उलट आत येत नाही. टोकाला जाळी लावावी.

पंखा मोठा हवा असेही नाही. चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच न्हाणीघरात 192 घनफूट हवा असते. ती तासाला आठ वेळा बदलायची म्हटली तरी मिनिटाला सुमारे 26 घनफूट हवा काढावी लागते. सहा इंची साधा पंखा याहून कितीतरी जास्त हवा काढतो. मात्र जितकी हवा बाहेर जाईल तितकी आत आली पाहिजे. म्हणून दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट ठेवावी आणि आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटे पंखा चालू ठेवावा.

पत्र्याच्या घरांचे दुखणे दुहेरी आहे. उन्हाळ्यात पत्रा तापतो आणि खाली सीलिंग असेल तर मधल्या पोकळीत उष्णता कोंडते. हिवाळ्यात निरभ्र रात्री तोच पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि पहाटे त्याच्या खालून पाणी ठिबकते. पाऊस नसताना पत्रा गळतो कसा, याचे उत्तर हेच आहे. त्यात न्हाणीघराची वाफ वर सोडली तर अँगल गंजतात, लाकूड कुजते. गरम हवा हलकी होऊन वर चढते, या नियमाचा उपयोग करून घ्यावा. खाली वळचणीपाशी जाळीची फट आणि वर आढ्याजवळच्या त्रिकोणी भिंतीत जाळीचा झरोका ठेवावा. एकाच उताराचा पत्रा असेल तर खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही कडांना वाट द्यावी. पाऊस आत येऊ नये म्हणून झरोक्यावर छोटी पडदी काढावी.

आपल्याच पुणे जिल्ह्यातील कार्ल्याचे चैत्यगृह पाहावे. दारावरच्या घोड्याच्या नालाच्या आकाराच्या भव्य गवाक्षातून आत उजेड आणि वारा येतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेण्याच्या छतातील लाकडी कमानी आजही शिल्लक आहेत.

एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. गॅस गिझर बंद न्हाणीघरात कधीही बसवू नये. कोंडलेल्या जागेत गॅस जळताना प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, चक्कर येते आणि माणूस कडी काढण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो. यात जीवही जातो. पंखा आहे म्हणून चालेल, असे समजू नये. हवा आत येण्याची वाट नसेल तर पंखा गिझरचा जळका वायू उलट आत ओढू शकतो. गिझर बाहेर मोकळ्या हवेत ठेवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणावा.

रमाई आवास योजनेतून आणि 2016 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेतून (ग्रामीण) आपल्या अनेक बांधवांना घरकुले मिळाली आहेत, मिळत आहेत. 25 चौरस मीटर म्हणजे 269 चौरस फुटांच्या घरात हवेचे महत्त्व अधिकच. भिंत चढत असतानाच गवंड्याला झरोक्याची जागा दाखविली तर खर्च जवळजवळ नाही. मागाहून भिंत फोडणे महाग पडते. पाण्याच्या हक्कासाठी आपल्या समाजाला 1927 साली महाडला सत्याग्रह करावा लागला. हवेसाठी कोणाकडे जावे लागत नाही, आपल्याच घरात तिला वाट ठेवायची आहे. विद्यार्थ्यांनी एवढे करावे : आंघोळीनंतर आपल्या घरातील पंख्याच्या बाहेरच्या तोंडापाशी जावे आणि वाफ कोठे जाते ते पाहावे. ती छतात किंवा बोळात जात असेल तर वडीलधाऱ्यांना सांगावे, आणि गॅस गिझर आत असेल तर आजच सांगावे.