छिद्र न पाडता काँक्रीटवर लाकूड बसविणे

काँक्रीटच्या भिंतीवर, खांबावर, जमिनीवर किंवा छतावर ड्रिल यंत्राने भोक न पाडता लाकडी पट्टी, फळी, चौकट अथवा प्लायवूड पक्के करण्याच्या पद्धतींचा या लेखात विचार केला आहे. आसंजकाने (बोलीभाषेत गोंद किंवा सरस) चिकटविणे, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी वापरणे, काँक्रीट ओततानाच त्यात आधार बसवून ठेवणे, कठीण पोलादी खिळे ठोकणे आणि भिंतीला न जोडता लाकडी रचना तिच्या स्वतःच्या आधारावर उभी करणे, या त्यांपैकी प्रमुख पद्धती होत. चिकटविलेल्या जोडणीची ताकद तिच्यातील सर्वांत दुबळ्या थराइतकीच असते. घरगुती भिंतीवर हा दुबळा थर बहुधा रंगाचा, पुट्टीचा किंवा गिलाव्याचा असतो.

छिद्र टाळण्याची कारणे

प्रबलित काँक्रीटमधील पोलादी सळया पृष्ठभागापासून फार खोल नसतात. भारतीय मानक आयएस ४५६ नुसार सौम्य वातावरणातील बांधकामात सळयांवर किमान २० मिलिमीटर जाडीचे काँक्रीटचे आवरण अपेक्षित असते. फळी अडकविण्यासाठी पाडले जाणारे भोक सामान्यतः याहून खोल असल्यामुळे ड्रिलचे पाते सळईवर आदळण्याचा संभव असतो. काही स्लॅबमध्ये काँक्रीट घट्ट झाल्यावर ताणलेल्या पोलादी तारा असतात. अशी तार कापली गेल्यास ती त्या स्लॅबच्या भारक्षमतेला व काम करणाऱ्यालाही धोकादायक ठरते.

मुंबई-पुण्याच्या परिसरातील अनेक नव्या इमारतींत भिंती व स्लॅब ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतले जातात. बांधकाम व्यवसायात या पद्धतीला ‘मायवान’ असे म्हणतात. अशा इमारतींत विजेच्या तारांच्या नळ्या भिंतींच्या काँक्रीटमध्येच गाडलेल्या असतात व त्यांचा मार्ग बाहेरून दिसत नाही. गच्ची व स्नानगृह या ठिकाणी भोकामुळे जलरोधक थर फुटून गळती सुरू होते. याखेरीज भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडण्यास मालकाची मनाई असणे, यंत्राचा आवाज आणि फुप्फुसांना घातक असणारी सिलिकायुक्त धूळ हीही छिद्र टाळण्याची कारणे आहेत.

दोन्ही पदार्थांचे गुणधर्म

काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताण सोसण्याची त्याची क्षमता मात्र दाबक्षमतेच्या साधारण एक दशांश असते. एम२० या प्रतीच्या काँक्रीटची दाबक्षमता २८ दिवसांनंतर प्रत्येक चौरस मिलिमीटरला २० न्यूटन इतकी धरली जाते. ही ताकद आतील काँक्रीटची होय. ओतताना पाण्याबरोबर वर आलेल्या बारीक सिमेंटची एक पातळ, ठिसूळ साय पृष्ठभागावर जमते आणि ती नखाने किंवा तारेच्या ब्रशने सहज निघू शकते. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी व ओलसरही असते. त्यामुळे काही आसंजकांची पकड कालांतराने क्षीण होते.

लाकूड हवेतील ओलावा शोषून फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. ही हालचाल सर्व दिशांना सारखी नसते. ओले लाकूड पूर्ण सुकेपर्यंत लांबीच्या दिशेने ते सुमारे ०.१ ते ०.२ टक्केच आकसते. आडव्या दिशेने मात्र हे प्रमाण अनेक टक्क्यांचे असते. कोकणातील पावसाळा व त्यानंतरचा कोरडा काळ यांत दारे-खिडक्या घट्ट व सैल होतात, त्याचे कारण हेच. काँक्रीटमध्ये तुलनेने फारच थोडा बदल होत असल्याने रुंद फळी काँक्रीटला ताठ थराने चिकटविल्यास प्रत्येक ऋतूत जोडावर ताण येतो. सागवान इतर अनेक लाकडांपेक्षा कमी हलते. प्लायवूडमध्ये एकाआड एक थरांच्या रेषा आडव्या-उभ्या असल्याने त्याची हालचाल आणखी कमी असते.

भार आणि त्याची दिशा

चिकटविलेला जोड किती भार पेलेल, हे भाराच्या दिशेवर अवलंबून असते. भिंतीला सपाट चिकटलेल्या पट्टीवरचे वजन खाली सरकू पाहते, तेव्हा संपूर्ण चिकटलेले क्षेत्र एकाच वेळी काम करते. या प्रकारच्या भारास कर्तन म्हणतात आणि तो जोडाला सर्वांत सुसह्य असतो. पट्टी भिंतीपासून सरळ बाहेर ओढली गेल्यास परिस्थिती अधिक बिकट होते. एका कडेपासून उचकटली किंवा सोलली गेल्यास सर्व जोर एका बारीक रेषेवर एकवटतो आणि मजबूत आसंजकही सुटते.

भिंतीतून पुढे आलेली फळी हे याचे नेहमीचे उदाहरण होय. भिंतीपासून १२.५ सेंटिमीटर अंतरावर १० किलोग्रॅम वजन ठेवले आणि फळी केवळ तिच्या २.५ सेंटिमीटर जाडीच्या कडेने चिकटविलेली असेल, तर तरफेच्या नियमाने वरच्या कडेवर किमान ५० किलोग्रॅम वजनाइतकी ओढ पडते. त्याच फळीखाली १० सेंटिमीटर उंचीची पट्टी भिंतीला लागून जोडली, तर ही ओढ सुमारे १२.५ किलोग्रॅमपर्यंत उतरते. ओढ संपूर्ण जोडावर पसरत असल्याने प्रत्यक्ष आकडे यापेक्षा काहीसे अधिक असतात. भिंतीला लागणारा भाग जितका उंच आणि फळी जितकी अरुंद, तितका जोड सुरक्षित, असा यावरून नियम निघतो.

पृष्ठभागाची पारख व तयारी

ज्या भिंतीला काँक्रीटची समजले जाते, ती पुष्कळदा विटांची किंवा हलक्या ठोकळ्यांची असून तिच्यावर सिमेंटचा गिलावा, पुट्टी आणि रंग यांचे थर असतात. म्हणून प्रथम भिंत वाजवून पाहतात. पोकळ आवाज आल्यास तेथील गिलावा सुटलेला असतो. रंगाची पकड तपासण्यासाठी धारदार पात्याने रंगावर जाळीसारख्या रेघा मारून त्यावर चिकटपट्टी दाबतात व झटक्याने ओढतात. पट्टीबरोबर रंगाचे तुकडे निघाल्यास तो रंग कोणताही भार पेलण्यास अयोग्य ठरतो.

ओलावा तपासण्यासाठी पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून एक दिवस ठेवतात. आतल्या बाजूस थेंब जमल्यास किंवा काँक्रीट काळपट दिसल्यास ओल आहे असे समजावे. पृष्ठभागावर टाकलेला पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोल राहिला, तर तेथे साच्याचे तेल किंवा जलरोधक लेप शिल्लक असतो. पांढरा लोणा दिसत असल्यास आधी ओलीचे मूळ शोधणे आवश्यक असते. लोणा खरवडून लगेच लाकूड चिकटविल्यास तो पुन्हा वर येऊन जोड ढकलतो.

चिकटविण्याच्या जागेवरील रंग, पुट्टी, तेल व सिमेंटची साय घासून काढतात आणि धूळ ओल्या फडक्याने टिपून पृष्ठभाग पूर्ण वाळू देतात. नवे काँक्रीट असल्यास किमान २८ दिवस थांबण्याची प्रथा आहे. लाकडाची बाजूही पॉलिशरहित व कोरडी असावी लागते आणि तिला काचकागदाने हलके घासून घेतात.

पद्धती

आसंजक: पॉलियुरेथेन व त्यासारखी काही बांधकामाची आसंजके नळीतून, बंदुकीसारख्या साधनाने दाबून काढतात. ती हवेतील ओलाव्याने घट्ट होतात व नंतरही काहीशी लवचीक राहतात. त्यामुळे लाकडाची ऋतुमानानुसार होणारी हालचाल ती सामावून घेतात. ती सलग थापण्याऐवजी उभ्या, समांतर रेघांत लावतात. त्यामुळे मध्ये हवा खेळते आणि पाणी साचत नाही. राळ व कठीणक असे दोन भाग मिसळून तयार होणारे इपॉक्सी खडबडीतपणा व खड्डे भरून काढते आणि अतिशय मजबूत असते. परंतु ते ताठ असल्याने रुंद लाकडापेक्षा लहान ठोकळ्यांसाठी अधिक योग्य ठरते. सुतारकामात वापरला जाणारा पांढरा गोंद पाणी निघून गेल्यावर घट्ट होतो. तो लाकूड लाकडाला उत्तम जोडतो, पण त्याला घट्ट दाबलेला, फटी नसलेला सांधा लागतो आणि ओलीत तो मऊ पडतो. म्हणून काँक्रीटसाठी तो वापरू नये.

कोणतेही आसंजक लावल्यावर ते घट्ट होईपर्यंत लाकूड हलू न देणे महत्त्वाचे असते. त्यासाठी खालून ठोकळा, जमिनीपासून तिरका टेकू किंवा चिकटपट्टीचा तात्पुरता आधार देतात. हाताला कोरडे लागणे म्हणजे पूर्ण ताकद येणे नव्हे. उत्पादकाने दिलेला पूर्ण कालावधी उलटल्यावरच भार टाकावा.

दुहेरी चिकटपट्टी: ॲक्रिलिक फोमची पट्टी गुळगुळीत पृष्ठभागावर चांगली पकड घेते. खडबडीत काँक्रीटवर ती केवळ उंचवट्यांना स्पर्श करत असल्याने तिचे प्रत्यक्ष चिकटलेले क्षेत्र फार कमी राहते. पकड पूर्ण होण्यास सुमारे ७२ तास लागतात. पातळ शोभेच्या पट्ट्या व हलक्या चौकटी यांपलीकडे तिचा उपयोग करू नये.

आधीच बसविलेले आधार: ही सर्वांत जुनी व भरवशाची पद्धत होय. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत भिंत रचतानाच लाकडी खुंट्या, कोनाडे व फडताळे तिच्यात बसवीत. आधुनिक बांधकामात दाराची चौकट ‘होल्डफास्ट’ नावाच्या लोखंडी पट्ट्यांनी धरली जाते. या पट्ट्यांचे एक टोक चौकटीला स्क्रूने जोडून दुसरे भिंतीतील काँक्रीटमध्ये गाडतात. या पद्धतीत निर्णय बांधकामापूर्वीच घ्यावा लागतो.

खिळे: कठीण केलेला पोलादी खिळा हातोडीने गिलाव्यात किंवा कोवळ्या काँक्रीटमध्ये जातो; जुन्या, मजबूत काँक्रीटमध्ये तो वाकतो, तुटतो किंवा पृष्ठभागाचा टवका उडवितो. मोठ्या कामांत काडतुसाच्या स्फोटाने खिळा मारणारे साधन वापरतात. कडेजवळ, पातळ काँक्रीटमध्ये किंवा विटेत असा खिळा मारल्यास तडा जाण्याचा अथवा खिळा आरपार जाण्याचा धोका असतो. हे काम केवळ प्रशिक्षित व्यक्तीने, डोळे व कान झाकून करावयाचे असते. भोक पाडले जात नसले, तरी गाडलेल्या सळया व तारांचा धोका या पद्धतीत कायम राहतो.

स्वतःच्या आधारावरील रचना: जमिनीवर उभी राहून भिंतीला केवळ टेकणारी मांडणी, जमीन व छत यांच्यामध्ये दाबाने अडकविलेले उभे खांब आणि काँक्रीटच्या खांबाभोवती आवळलेली लाकडी चौकट यांत वजन थेट जमिनीकडे जाते किंवा घर्षणावर पेलले जाते. जमिनीवर लाकडी तक्तपोशी करताना प्लॅस्टिकच्या ओलरोधक थरावर एकमेकींत अडकणाऱ्या फळ्या मोकळ्या ठेवतात आणि भिंतीलगत फुगण्यासाठी सुमारे १० मिलिमीटर फट सोडतात.

सततचा भार

आसंजकाची चाचणीतील ताकद आणि वर्षानुवर्षे भार पेलण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सतत ओढ राहिल्यास काही आसंजके अत्यंत मंद गतीने ताणली जातात व अखेरीस सुटतात; उष्णतेत ही क्रिया वेगाने होते. १० जुलै २००६ रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरात एका बोगद्याच्या छताचे सुमारे २६ टन काँक्रीट व त्याचे आधार खाली कोसळून मोटारीतील एका महिलेचा मृत्यू झाला. ते छत भोकांत इपॉक्सीने बसविलेल्या पोलादी दांड्यांवर टांगलेले होते. वापरलेल्या इपॉक्सीचा प्रकार सततचा भार पेलू शकत नव्हता, असे तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत निष्पन्न झाले. हे उदाहरण लाकडाचे नसले, तरी ओढ, सातत्य आणि आसंजक यांचा संबंध त्यातून स्पष्ट होतो.

मर्यादा व सुरक्षितता

छतावरून लोंबणाऱ्या वस्तू, पलंगाच्या किंवा पाळण्याच्या वरच्या फळ्या, दूरचित्रवाणी संच, पाणी तापविण्याची टाकी आणि वृद्धांनी धरावयाचे कठडे केवळ आसंजकावर बसवू नयेत. अशा जोडाची चूक बहुधा पूर्वसूचना देत नाही. येथे यांत्रिक जोडणीच आवश्यक असते, आणि भिंतीतील सळया व वीजवाहिन्या शोधून तज्ज्ञाकडून ती करून घेणे उचित ठरते.

काही आसंजकांतील द्रावके ज्वालाग्राही असतात. इपॉक्सी व पॉलियुरेथेन त्वचेला व श्वसनमार्गाला त्रासदायक ठरू शकतात. हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून व जवळपास ज्योत नसताना काम करावे.

छिद्र न पाडणे म्हणजे भिंतीवर खूण न राहणे, असा समज प्रचलित आहे. प्रत्यक्षात मजबूत चिकटलेले लाकूड काढताना रंग, पुट्टी व प्रसंगी गिलाव्याचा मोठा तुकडा निघून येतो आणि दुरुस्तीचे क्षेत्र भोकापेक्षा कितीतरी मोठे असते. भाड्याच्या घरात म्हणूनच चिकटविण्यापेक्षा स्वतःच्या आधारावर उभी राहणारी मांडणी अधिक सोयीची ठरते.